रंगपटाच्या दारात

नाटक संपतं, पडदा पडतो, दिवे लागतात आणि प्रेक्षकांचे दोन भाग होतात. मोठा भाग पायाखाली सरकलेल्या चपला शोधत, 'रिक्षा मिळेल ना आता?' म्हणत बाहेरच्या दाराकडे निघतो. दुसरा भाग अगदीच लहान, दहा-पंधरा माणसांचा. तो उलट दिशेने, रंगमंचाच्या बाजूच्या त्या छोट्या दाराकडे हळूहळू सरकायला लागतो. कुणी पदर नीट करतंय, कुणी मुलाला पुढे ढकलतंय, 'आत सोडतात का हो?' असं एकमेकांना विचारतंय. मैत्रिणींनो, तुम्ही कधी ना कधी या दुसऱ्या भागात उभ्या राहिला असालच. नसाल, तर 'जाऊ दे बाई, काय बोलणार आपण?' म्हणून परत फिरला असाल. माझ्या मते तेही उभं राहण्यासारखंच आहे.

आमच्या खारदांड्याहून कार्टर रोड चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे राजेश खन्नाचा 'आशीर्वाद' बंगला होता. 2012 मध्ये तो गेला, पुढे बंगलाही पाडला. पण दांड्यातल्या साठी-सत्तरीच्या बायका अजून सांगतात, त्याच्या भरभराटीच्या काळात बंगल्यासमोर मुलींची कशी झुंबड असायची. सिनेमाच्या नटाचं हे असं. तुम्ही फाटकाबाहेर, तो गच्चीवर. त्याने हात हलवला की तुम्ही घरी जायचं. नाटकातलं माणूस मात्र दोन-अडीच तास तुमच्यासमोर घाम गाळतं आणि नंतर पाच पायऱ्या चढून तुम्ही त्याच्या आरशापर्यंत जाऊ शकता. तिकीट तीनशेचं असो की पाचशेचं, शेवटच्या रांगेतल्यालाही ते दार सारखंच उघडं. एवढं जवळ जाता येतं म्हणूनच पाय लटपटतात, असं मला वाटतं. गच्चीवरच्या माणसाशी बोलायची वेळच येत नाही ना!

पलीकडच्या बाजूनेही जरा बघा. रविवारी दुपारी चारचा प्रयोग असेल, तर त्याच नाटकाचा रात्रीचा प्रयोग बऱ्याचदा दुसऱ्या नाट्यगृहात असतो. पडदा पडला की नेपथ्याची माणसं सोफा उचलायला लागतात, कपडेपटातल्या साड्या पेटीत जातात, टेम्पो मागच्या दाराला लागलेला असतो, नाट्यगृहाचा माणूस घड्याळ दाखवत असतो. नटीला तोंडावरचा रंग पुसायचाय, दोन घास खायचेत, पुन्हा तासाभराचा प्रवास करून तेच सगळं नव्याने करायचंय. आणि तेवढ्यात दारात आपण! प्रशांत दामले यांचा 12,500 वा प्रयोग 6 नोव्हेंबर 2022 रोजी षण्मुखानंद सभागृहात झाला, तेव्हा सगळीकडे त्या आकड्याचं कौतुक झालं. माझ्या मनात दुसराच हिशोब चालू होता. प्रत्येक प्रयोगानंतर दहा माणसं जरी आत गेली असं धरलं, तरी सव्वा लाख नमस्कार झाले. सव्वा लाख वेळा कुणीतरी म्हणालं असेल, 'फार छान झालं हो.' त्याच्या पलीकडचं काही बोलायला किती जणांना जमलं असेल?

खरं तर नाटकातल्या माणसाकडे बायका काय घेऊन जातात, याचा इतिहास मोठा मजेदार आहे. बालगंधर्वांच्या काळात घरंदाज बाईने रंगमंचावर उभं राहणं ही कल्पनाच नव्हती. स्त्री-भूमिका पुरुषच करायचे. आणि गंमत अशी, की बायकांनी नेसावं कसं, अंबाडा कसा घालावा, दागिना कुठला ल्यावा, हे त्या काळातल्या कितीतरी बायका नारायणराव राजहंस नावाच्या एका पुरुषाकडे बघून शिकल्या. त्यांची शालू नेसण्याची पद्धत घराघरांत गेली. 12 मार्च 1911 रोजी 'संगीत मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. तरीही त्यांनी प्रयोग केला. ही गोष्ट माझी आजी फार वेळा सांगायची आणि दर वेळी शेवटी विचारायची, 'पण त्याच्या बायकोचं काय झालं असेल गं त्या रात्री?' नाटकाचा इतिहास लिहिणाऱ्यांच्या मनात नसेल आला हा प्रश्न. आजीच्या मनात मात्र तोच पहिला.

पुढे 1929 च्या सुमारास हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक मंडळी काढून बायकांच्या भूमिका बायकांनीच करायला सुरुवात केली. 1933 मध्ये 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या. मग हळूहळू प्रेक्षागृहातली बाई आणि रंगमंचावरची बाई एकमेकींना बघू लागल्या. 1972 मध्ये 'सखाराम बाइंडर' आलं. लालन सारंग यांनी चंपा केली, निळू फुले यांनी सखाराम. नाटकावर केवढं वादळ उठलं! कमलाकर सारंगांना सेन्सॉरशी आणि कोर्टात लढावं लागलं. निळूभाऊंचं तर पुढे सिनेमातल्या खलनायकीमुळे असं झालं, की गावोगावच्या बायका त्यांना बघून शिव्या घालायच्या, बोटं मोडायच्या. माणूस प्रत्यक्षात सेवादलातला, अत्यंत सज्जन. म्हणजे बघा, चाहते फक्त हारच घेऊन येतात असं नाही, शापही घेऊन येतात. दोन्ही पचवायचं.

लालनताईंचा एक किस्सा मला आमच्या दांड्यात हमखास सांगावा लागतो. पुढे त्यांनी पुण्यात 'मासेमारी' नावाचं हॉटेल काढलं होतं, मासळीच्या जेवणाचं. मूळच्या गोव्याच्या, त्यामुळे मासळीची जाण होतीच. 2018 मध्ये त्या गेल्या. आमच्या बचत गटात मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बायकांचा विश्वासच बसेना. 'नाटकवालीनं मासळीचा धंदा केला?' मग एकदम सगळ्यांच्या मनात लालनताईंविषयी इतकी आपुलकी दाटून आली की विचारू नका. त्यांचं एकही नाटक कुणी पाहिलेलं नाही. पण बाई धंद्यातली म्हटल्यावर ती आपलीच!

आता माझी गोष्ट सांगते. तिची सुरुवात परळच्या चाळीत आहे.

माझे वडील गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर घरात जे व्हायचं ते झालं. आई पोळ्या लाटून द्यायला लागली. सकाळी साठ, संध्याकाळी चाळीस. तिच्या गिऱ्हाइकांत बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्याकडे 'चारचौघी'चं एक जास्तीचं तिकीट होतं, ते त्यांनी आईला दिलं. हे 1992 साल असावं, मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. प्रशांत दळवींनी लिहिलेलं, चंद्रकांत कुलकर्णींनी दिग्दर्शित केलेलं हे नाटक 1991 मध्ये आलं होतं आणि सगळीकडे त्याचीच चर्चा होती. एक आई आणि तिच्या तीन मुली. आई लग्न न करता, आधीच संसार असलेल्या माणसाबरोबर आयुष्य काढलेली आणि ताठ मानेने जगलेली. दीपा श्रीराम, वंदना गुप्ते, आसावरी जोशी, प्रतीक्षा लोणकर या चौघी त्यात होत्या. थोरल्या मुलीला, विद्याला, नवऱ्याचं बाहेर काही आहे हे कळतं आणि ती त्याच्याशी फोनवर बोलते. तो आपल्याला दिसत नाही, ऐकू येत नाही. रंगमंचावर एक बाई, तिच्या हातात रिसीव्हर, आणि बराच, बराच वेळ फक्त ती. वंदना गुप्तेंचा तो प्रवेश ज्यांनी पाहिला, त्यांना आजही तो आठवतो.

आई शिवाजी मंदिरातून रात्री परत आली ती गप्पच. दुसऱ्या दिवशी दुपारी चाळीच्या गॅलरीत बायका जमल्या, 'सांग ना गं, काय होतं नाटकात?' आईने हातातलं लाटणं कानाला लावलं आणि फोनचा प्रवेश सुरू केला. तिला शब्द कुठले पाठ असायला? आपल्याच शब्दांत बोलत होती. पीठ लागलेला हात, कमरेला खोचलेला पदर, कानाला लाटणं. आमच्या मजल्यावर चौदा खोल्या. फोन कुणाकडेच नव्हता, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे एक होता, तोही कुलूपबंद. त्यामुळे फोनवर असं भांडता येतं, समोरच्याने तोडलं तरी आपण बोलत राहू शकतो, हेच बायकांना अचंब्याचं वाटत होतं. आईचा तो प्रयोग पुढे वर्ष-दीड वर्ष चालला. पाहुणी आली की 'अगं, ते फोनचं करून दाखव की!' तर मी विद्याचा प्रवेश पहिल्यांदा पाहिला तो असा, लाटण्याचा.

लग्न होऊन मी खारदांड्याला आले. घरकाम, दोन मुलं, मग हळूहळू कोळीवाड्यातल्या बायकांचे बचत गट, आरोग्य शिबिरं, शाळा सुटलेल्या मुलींचे वर्ग. बी. ए. ला मराठी घेतलं होतं, त्याचा उपयोग अर्ज लिहायला झाला! 2019 मध्ये आई गेली. 2022 मध्ये 'चारचौघी' पुन्हा रंगमंचावर आलं. दिग्दर्शक तेच. आता आईच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी, विद्या म्हणजे मुक्ता बर्वे, शिवाय कादंबरी कदम आणि पर्ण पेठे. जाहिरात वाचली आणि मी वर्तमानपत्र तसंच मांडीवर ठेवून बसले.

मुक्ता बर्वे माझ्या आधीपासूनच लाडक्या. 'फायनल ड्राफ्ट', 'छापा काटा', 'कोडमंत्र' — मिळेल तसं, मिळेल त्या नाट्यगृहात जाऊन पाहिलेलं. वयाने माझ्याच बरोबरीच्या. चाहती म्हटलं की सोळा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर येते, पण पंचेचाळिशीच्या आसपासची बाई आपल्याच वयाच्या बाईची चाहती असते तेव्हा त्याची चव निराळी असते. तिच्यासारखं व्हायचं वगैरे वय गेलेलं असतं. 'आपल्या वयाची एक जण तिथे उभी आहे आणि तिला हे सगळं बोलता येतंय' याचाच एक आधार वाटतो.

गटातल्या बायकांना घेऊन जायचं ठरवलं, तर पहिला प्रश्न दिवसाचा. नाटकं रविवारी आणि मासळीचा मोठा धंदाही रविवारी! कोळीणीला रविवार सोड म्हणणं म्हणजे भटजीला गणेश चतुर्थी सोड म्हणण्यासारखं. शेवटी 2023 च्या पावसाळ्यात, बंदीच्या दिवसांत मुहूर्त लागला. 1 जून ते 31 जुलै होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी विणायची-शिवायची कामं चालतात. साठवणीची, सुकी मासळी विकणं काही थांबत नाही, पण पहाटे धक्क्यावर पळायची घाई नसते. अकरा जणी तयार झाल्या. त्यात एक मावशी, बहात्तर वर्षांच्या. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. आयुष्यात नाट्यगृहाची पायरी चढलेल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं एवढंच, 'त्यान कोन हाय?' मी नावं सांगितली. ओळख पटेना. मग सुनेने सांगितलं, 'ती गो, राधा! घनाची राधा!' 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' मालिका 2012 मधली, पण मावशींचा चेहरा उजळला. 'राधा हाय? मंग येते.'

खार स्टेशनपर्यंत रिक्षा, तिथून दोन स्टेशनं पार्ले, मग पूर्वेला दीनानाथ नाट्यगृह. भर पावसात अकरा बायका, अबोलीच्या वेण्या, मावशी ठेवणीतल्या लुगड्यात. आणि मावशींच्या हातात एक पिशवी. तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून वर कापड. मी विचारलं, 'काय आहे?' 'सोडे. राधेला.' आता सोडे म्हणजे काय चीज आहे आणि त्यांचा भाव काय, हे खाणाऱ्यांना माहीत आहे. पण वातानुकूलित नाट्यगृहात तीन तास सोडे! मी त्यांना रांगेच्या अगदी टोकाला बसवलं. आमच्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी दोनदा मागे वळून पाहिलं. मी रंगमंचाकडे बघत बसले. तिसरी घंटा झालेली होती, सुटले!

नाटकाविषयी फार लिहीत नाही. एक मात्र सांगते. तीस वर्षांत फोन किती बदलले! आता दोरीचा फोन मुलांनी पाहिलेलासुद्धा नाही. तरी तो प्रवेश सुरू झाला आणि अख्खं नाट्यगृह जागच्या जागी थिजलं. मी पाहत होते मुक्ता बर्वेंना, पण मधूनच मला कानाला लाटणं दिसत होतं. आईने स्वतःचे म्हणून घातलेले शब्द आणि इथले खरे शब्द मी नकळत पडताळून बघत होते. काही ठिकाणी, खरंच सांगते, अर्थ तंतोतंत जुळत होता. एकदाच पाहिलेलं नाटक बाईने कसं साठवलं असेल डोक्यात?

शेजारी पाहिलं तर मावशी सोड्यांची पिशवी छातीशी घट्ट धरून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. नुसत्या ताठ.

त्यांची हकीकत दांड्यात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात सांगायला हरकत नाही. लग्नानंतर सात वर्षांनी नवरा दुसऱ्या बाईबरोबर गेला, फार लांबही नाही, याच किनाऱ्यावर पुढच्या गावात. तीन मुलं पदरात. मावशींनी टोपली उचलली, खार-सांताक्रूझच्या इमारतींचे जिने चढल्या, मुलं मोठी केली, सुना आणल्या. नवऱ्याशी त्यानंतर एक शब्द बोलल्या नाहीत. भांडल्यासुद्धा नाहीत. गावात त्याचं कौतुकच झालं, 'किती सोसलं बाईनं, तोंडातनं ब्र काढला नाय!' मीही गटाच्या बैठकीत बायकांच्या तोंडून हे कौतुक ऐकलेलं आहे.

नाटक संपलं. 'आत जायचं,' मावशींनी जाहीर केलं. माझी खरी परीक्षा तिथून सुरू झाली.

एरवी मी बोलायला घाबरणारी नाही. नळाच्या पाण्यासाठी, शौचालयाच्या दुरुस्तीसाठी वॉर्ड ऑफिसात साहेबांसमोर उभं राहून बोलण्याची सवय आहे. पण त्या अरुंद जिन्यात, पावडर आणि घामाच्या त्या विशिष्ट वासात, माझ्या तळहातांना घाम फुटला. मी मनात वाक्य जुळवत होते. 'माझ्या आईने 1992 मध्ये...' नको, इतकं जुनं कशाला. 'तुमचा फोनचा प्रवेश मी लहानपणी लाटण्यावर...' छे, काहीतरीच वाटेल ते. 'आई आज असती तर...' हे म्हटलं तर मला रडू येणार आणि मागे रांग लागलेली. पुढे कॉलेजच्या तीन मुली होत्या. त्यांचं काम सोपं, फोन पुढे, तोंड वेंगाडलं, फोटो, झालं. पूर्वी सहीची वही असायची. सही करायला निदान अर्धा मिनिट लागायचं, तेवढ्यात एखादं वाक्य निघायचं तोंडातून. सेल्फीने तेही काढून घेतलं. दोघींची तोंडं एकाच दिशेला आणि एकमेकींकडे कुणीच बघत नाही.

आमचा नंबर आला. मुक्ता बर्वे खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. अर्धा रंग पुसलेला, चेहरा दमलेला. मी हात जोडले आणि म्हणाले, 'नमस्कार. आम्ही खारदांड्याहून आलोय.' बस्स. एवढंच. जणू काही मी तक्रार अर्ज घेऊन आले होते! त्या हसल्या. पुढचं वाक्य माझ्या घशातच राहिलं.

मावशी मला बाजूला सारून पुढे झाल्या. त्यांनी 'छान झालं' म्हटलं नाही, राधा म्हटलं नाही, काहीच म्हटलं नाही. दोन्ही हात वर केले, त्या बाईच्या चेहऱ्यावरून अलगद फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मासळी कापून कापून वाकडी झालेली ती बोटं, दहाच्या दहा वाजली. रंगपटात एकदम शांतता. मुक्ता बर्वेंनी मान खाली केली. क्षणभरच. मग मावशींनी पिशवी तिथल्या टेबलावर, पावडरच्या डब्याशेजारी ठेवली आणि वळल्या. दारातल्या माणसाने 'चला, चला, सेट हलवायचाय' म्हणेपर्यंत आम्ही जिना उतरून खाली आलोसुद्धा.

दृष्ट काढली होती त्यांनी. मी नंतर फार विचार केला. निळू फुल्यांवर बायका बोटं मोडत होत्या, ती शाप द्यायला. इथे तीच बोटं, तोच आवाज, आणि सगळा आशीर्वाद. आपल्याकडे बायकांच्या हातात काही हत्यारं फार जुनी आहेत, ती दोन्ही बाजूंनी चालतात. मी मराठी साहित्य घेऊन बी. ए. झालेली बाई, शब्द शोधत राहिले. मावशींना शब्दांची गरजच वाटली नाही.

परतताना पार्ले स्टेशनवर गाडीची वाट बघत उभ्या होतो. पाऊस पत्र्यावर नुसता वाजत होता. मावशी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, 'ताय, तवा माझे घरान फोन असता ना, तर मी पन बोलली असती.'

मला काही बोलायला सुचलं नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं आम्ही सगळ्या त्यांच्या न बोलण्याचं कौतुक करत होतो. आणि बाई म्हणतेय, मला बोलायचं होतं, सोय नव्हती. समाजसेवा करते म्हणून मी गावभर फिरते, शिबिरं घेते, 'बायकांनी बोललं पाहिजे' यावर भाषणं देते. पण मावशींना काय बोलायचं होतं हे मी त्यांना विचारलं नव्हतं, सुनांनी नव्हतं विचारलं, कुणीच नाही. प्रशांत दळवींनी पस्तीसेक वर्षांपूर्वी कागदावर लिहिलेलं, आधी वंदना गुप्तेंनी आणि आता मुक्ता बर्वेंनी उभं केलेलं एक काल्पनिक भांडण कुठे जाऊन पोहोचलं, बघा. हे त्यांच्यापैकी कुणालाच कळलं नसेल. म्हणून तरी हे लिहावंसं वाटलं. रंगपटात जे सांगायचं राहिलं ते वर्तमानपत्रात सांगता येतं, एवढा फायदा आहे आम्हा लिहिणाऱ्या बायकांचा. तर मुक्ताताई, वंदनाताई, वाचत असाल तर ऐका: परळच्या एका चाळीत तुमचं नाटक वर्ष-दीड वर्ष लाटण्यावर चाललं होतं. आणि मजला हाऊसफुल्ल असायचा.

दांड्यातल्या ज्या बायका त्या दिवशी येऊ शकल्या नाहीत, त्यांनी पुढच्या बैठकीत साहजिकच विचारलं, काय होतं नाटकात. मी तोंड उघडणार, एवढ्यात मावशींनी सुनेचा मोबाइल मागून घेतला. उलटाच धरला कानाला. आणि सुरुवात केली. त्यांच्या नाटकात नवऱ्याला बोलू देण्याचा प्रश्नच नाही. कोळी बोलीतल्या अशा काही शिव्या त्यांनी त्याला हासडल्या, की त्या प्रशांत दळवींनी नक्कीच लिहिलेल्या नाहीत, आणि या पुरवणीत मला छापताही येणार नाहीत. जाळी शिवणाऱ्या बायका आधी खो खो हसल्या. मग एकेक जण हसायची थांबली. मावशी बोलतच होत्या. सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, मोबाइल परत मागायचं तिने मनातसुद्धा आणलं नाही.

गटाच्या वहीत आता दर महिन्याला वीस रुपयांचं एक नवं खातं उघडलंय, 'नाटक' नावाचं. पुढच्या वेळी मावशींना सोडे न्यायचे नाहीत. त्या म्हणतात, बोंबील बरे, हलके असतात.